पारव्यांची ओंजळ

२०२५ सालच्या श्रावणात आपल्या वाडीत दोन तट पडले. पाण्यावरून नव्हे, जिन्याच्या केरावरून नव्हे, तर पारव्यांवरून! रोज सकाळी गच्चीवर ज्वारी टाकणाऱ्या बायका एका बाजूला आणि ज्यांच्या घरी दम्याचे माणूस आहे त्या दुसऱ्या बाजूला. मंगळागौरीच्या जागरणालाही दोन्हीकडच्या भगिनी दोन कोपऱ्यांत बसल्या. तेव्हापासून माझ्या मनात येत होते की, पाखरांना दाणे टाकण्यात माणसाला एवढा आनंद का वाटतो, हे एकदा मुळापासून पाहावे. वर्धापनदिनाच्या या स्मरणिकेत तेच मांडते आहे.

ही आवड शहराने लावलेली नाही. आपल्या शास्त्रात गृहस्थाला रोजचे पाच यज्ञ सांगितले आहेत. त्यातला एक भूतयज्ञ. अन्न शिजले की त्यातला थोडा वाटा कुत्र्यासाठी, कावळ्यासाठी, किडामुंगीसाठी बाहेर ठेवायचा. गोग्रास, श्राद्धाचा काकबळी, मुंग्यांच्या वारुळापाशी टाकलेली साखर, ही सगळी त्याच घरची लेकरे. यात एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. तो वाटा घासाएवढा असे, आणि तो आपल्या चुलीवरचा असे.

माणूस शहरात आला तेव्हा ही वृत्ती गाठोड्यात बांधूनच आला. मुंबईचे एक उदाहरण सांगते. १८३२ साली इंग्रज सरकारने रस्त्यावरची बेवारशी कुत्री मारण्याची मोहीम चालविली होती. त्या जूनमध्ये कोटातल्या पारशी लोकांनी तिला विरोध केला आणि त्यातून मोठा दंगा झाला. दुसऱ्या दिवशी दुकाने बंद राहिली. हिंदू व जैन लोकही त्यात सामील झाले. पुढे १८३४ साली सर जमशेटजी जिजीभॉय आणि शेठ मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने मुंबईचा पांजरापोळ निघाला. एक पारशी आणि एक जैन, दोघांनी मिळून मुक्या जनावरांसाठी केलेली ही सोय भुलेश्वरात आजही आहे. मला यात विशेष वाटते ते हे की, ज्यांना जनावरांची दया आली त्यांनी जनावरांना ठेवायला जागाही करून दिली. नुसते खायला टाकून ते निघून गेले नाहीत.

आता पारव्याकडे येऊ. हा पक्षी मूळचा डोंगराच्या कड्याकपारीत राहणारा. माणसाने त्याला हजारो वर्षांपूर्वी पाळले. शहरातल्या उंच इमारती, सज्जे आणि खिडक्यांवरची छपरे त्याला कड्यासारखीच वाटतात. शिवाय इतर पाखरांना पिलांसाठी किडे-अळ्या शोधाव्या लागतात, पण पारव्याचे नर आणि मादी दोघेही आपल्या गळ्यातल्या पिशवीत दुधासारखा रस तयार करून पिलांना भरवतात. म्हणून नुसते दाणे मिळाले तरी त्याचा संसार चालतो. दरवेळी दोन अंडी, आणि दाणे भरपूर असले की वर्षातून अनेकदा. चिमणीचे तसे नाही.

दादरचा कबुतरखाना मुळात १९३३ साली बांधलेले पाण्याचे कारंजे होते. जवळच जैन मंदिर. हळूहळू तिथे दाणे पडू लागले आणि ती जागा पारव्यांचीच झाली. असे कबुतरखाने गावभर झाले. परगावाहून आलेला, चाळीतल्या एका खोलीत राहणारा माणूस चार आण्यांचे चणे विकत घेऊन पाखरांत उभा राही. शेकडो पंख एकदम त्याच्याभोवती उतरत. ज्याला दिवसभर कोणी विचारत नाही, त्याच्या ओंजळीची कोणीतरी वाट पाहते, हे सुख लहान नाही. पाखरू जातपात विचारत नाही, की उपकाराची परतफेडही बोलून दाखवत नाही. लंडनच्या ट्राफल्गार चौकात आणि व्हेनिसच्या सेंट मार्क चौकातही लोकांना हेच सुख लागले होते. लंडनमध्ये २००३ साली आणि व्हेनिसमध्ये २००८ साली दाणे टाकण्यावर बंदी आली, ती विष्ठेने होणारी नासाडी आणि घाण पाहून.

आपल्याकडे ती वेळ २०२५ साली आली. जुलैत राज्य सरकारने मुंबईतले ५१ कबुतरखाने बंद करण्यास महानगरपालिकेला सांगितले. वाळलेली विष्ठा व पिसांची धूळ श्वासातून गेली की काही लोकांच्या फुप्फुसांना सूज येते. ती वर्षानुवर्षे राहिली तर फुप्फुस कायमचे निकामी होऊ शकते. उच्च न्यायालयानेही लोकांच्या आरोग्याला महत्त्व दिले. दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री घातली गेली आणि ६ ऑगस्टला जमावाने ती फाडून काढली. ऑक्टोबरअखेर पालिकेने चार ठिकाणी सकाळी ७ ते ९ दाणे टाकण्याची तात्पुरती मुभा दिली.

अशा वेळी मला शिबी राजाची गोष्ट आठवते. ससाण्याला भिऊन कबुतर राजाच्या मांडीवर आले, हे आपण मुलांना सांगतो. पण ससाणा काय म्हणाला, ते सांगायला विसरतो. तो म्हणाला, "राजा, याला वाचवलेस, पण मी उपाशी मेलो तर?" शिबीने त्याला हाकलून दिले नाही. त्याने तराजू मागवला आणि स्वतःच्या अंगाचे मांस कापून त्यात घातले. दोघांचाही जीव त्याने तोलला. दया म्हणजे हीच. आपल्या ओंजळीतल्या ज्वारीची किंमत शेजारच्या मुलाने श्वासाने भरायची असेल, तर ते दान आपले राहिले नाही, त्याचे झाले.

आमच्या मजल्यावरच्या आजी गेली तीस वर्षे दाणे टाकीत. त्या मला म्हणाल्या, "अगं, पाखरांचं मला कळतंय. पण सकाळी हाताला सवय आहे, रिकामा हात बरा वाटत नाही." हे ऐकून त्यांना दोष द्यावा असे वाटेना. दिवाळीनंतर आमच्या विनंतीवरून त्या सकाळी मंडळाच्या बालवाडीत येतात आणि मुलांना खाऊ वाटून देतात. त्यात तो दम्याचा मुलगाही आहे. गच्चीच्या कठड्यावर आता फक्त पाण्याचे एक मातीचे भांडे असते. ते रोज घासून भरण्याची पाळी दोन्ही तटांनी वाटून घेतली आहे.