झुलूलँड : गेंड्यांचे माहेरघर

दक्षिण आफ्रिकेतील क्वाझुलू-नाताल प्रांताचा उत्तर भाग झुलूलँड या नावाने ओळखला जातो. डर्बनहून मोटारीने तीन-साडेतीन तासांत येथील ह्लुह्लुवे-इम्फोलोझी अभयारण्य गाठता येते. पूर्वी झुलू राजांचे शिकारीचे रान असलेले हे क्षेत्र १८९५ साली संरक्षित म्हणून घोषित झाले.

विसाव्या शतकाच्या प्रारंभी दक्षिणेकडील पांढरे गेंडे (रंगाने ते करडेच असतात) जवळजवळ केवळ येथेच उरले होते. १९६० च्या दशकात इयन प्लेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते जिवंत पकडून क्रूगर व अन्य उद्यानांत नेऊन सोडले. त्यामुळे ही जात तरली. मात्र २०२३ मध्ये याच अभयारण्यात चोरट्या शिकाऱ्यांनी ३०७ गेंडे मारले. अखेर २०२४ मध्ये गेंड्यांची शिंगे कापण्याची मोहीम हाती घ्यावी लागली. शिंग पुन्हा वाढते, तरी बिनशिंगी गेंडा दृष्टीस पडल्यास पर्यटकांनी आश्चर्य मानू नये.

पर्यटकांसाठी उभारलेल्या खेड्यांतील झुलू नृत्ये प्रेक्षणीय असली, तरी ती प्रयोगवजाच असतात. खरा सोहळा पाहावा तो नोंगोमा येथे. सप्टेंबरमध्ये तेथे हजारो तरुणी राजवाड्यावर वेत अर्पण करतात. झुलू सैन्याने २२ जानेवारी १८७९ रोजी ब्रिटिशांचा पराभव केला, ती इसान्डल्वानाची रणभूमीही याच प्रांतात आहे.

वन्यप्राणी पाहण्यास मे ते सप्टेंबर हा कोरडा हंगाम उत्तम. त्या काळात गवत विरळ होते आणि जनावरे पाणवठ्यांवर येतात.