हुकलेल्या पेनल्टीची बखर

मनमाडात वादाला माणसे कधी कमी पडत नाहीत. गाव जंक्शनचे. मुंबईहून भुसावळकडे निघालेला, दौंडाकडून वर आलेला, मराठवाड्याकडे वळणारा, असे नाना प्रवासी इथे गाडी बदलतात, आणि पुढची गाडी येईपर्यंत त्यांच्यापाशी वेळच वेळ असतो. स्टेशनाबाहेरच्या चहाच्या टपरीवर एखादा विषय निघाला की अनोळखी माणूसही त्यात पडतो, तावातावाने आपला पक्ष मांडतो आणि गाडीची घोषणा ऐकताच वाद अर्धा टाकून पळतो. उरलेला अर्धा वाद मग आम्ही गावकऱ्यांनी पुरवून पुरवून वापरायचा!

असा एक वाद काही वर्षांपूर्वी चांगला आठ दिवस पुरला. गावातल्या एका लहानशा फुटबॉल स्पर्धेचा अंतिम सामना होता आणि एका बाजूला आमच्या शाळेची मुले होती. मी शिकवतो मराठी आणि इतिहास. पण खेळाच्या मास्तरांची जागा रिकामी, म्हणून शिट्टी माझ्या गळ्यात आली होती. गोल कोणाचाच झाला नव्हता. खेळ संपत आला असताना आम्हांला पेनल्टी मिळाली. मी मैदानाच्या कडेवरून एका मुलाचे नाव घेऊन ओरडलो. त्याने नकारार्थी मान हलवली. मी पुन्हा ओरडलो. तो पुढे झाला, धावत आला, आणि चेंडू आडव्या दांडीवरून जो गेला तो थेट मागच्या कडुनिंबात. त्यानंतर थोड्याच वेळात समोरच्यांनी गोल केला नि करंडक घेऊन ते गेले.

टपरीवर लगेच पंचायत बसली. कोणी म्हणे, धाव फार लांबून घेतली. कोणी म्हणे, अंग मागे झुकले. एकाचे मत पडले की मुलाने गोलकीपरच्या डोळ्यांत पाहायलाच नको होते. नांदेडच्या गाडीची वाट पाहणाऱ्या एका गृहस्थांनी तर पिशवी खाली ठेवून, पायातली चप्पल काढून, चेंडू कसा खालून मारायला हवा होता याचे प्रात्यक्षिक दिले. मुलगा आठ दिवस शाळेत आला नाही. मी कोपऱ्यात बसून सगळे ऐकत होतो आणि गप्प होतो. गप्प का होतो ते पुढे सांगेन. आधी थोडा इतिहास सांगतो, कारण अडचणीत सापडलेल्या मास्तराला दुसरे काही सुचत नाही.

पेनल्टीचा नियम 1891 साली आला. त्यापूर्वी गोलच्या अगदी तोंडाशी कोणी हाताने चेंडू अडवला तरी समोरच्याला मिळे ती साधी किक, आणि तिच्यापुढे सगळा संघ भिंतीसारखा उभा राही. हा अन्याय मिटवण्याची सूचना केली आयर्लंडमधल्या विल्यम मॅक्रम नावाच्या गृहस्थाने. मौज अशी की हा मॅक्रम स्वतः गोलकीपर होता. ज्या फाशीच्या तख्तावर पुढे जगभरचे गोलकीपर उभे राहायचे होते, ते त्यांच्याच एका जातभाईने बांधले! सभ्य खेळाडू मुद्दाम आगळीक करीलच कशाला, असा आक्षेप तेव्हा इंग्लंडातल्या बड्या मंडळींनी घेतला होता. पण नियम टिकला. योगायोगाने त्याच 1891 साली मुंबईत रोव्हर्स कप सुरू झाला. पहिली वर्षे तो गोऱ्या पलटणींचाच खेळ होता, आणि आपले लोक कडेला उभे राहून पाहत.

नियम तसा अगदी सोपा. चेंडू गोलपासून 12 यार्डांवर. गोल 24 फूट रुंद, 8 फूट उंच. मध्ये एकच माणूस. कागदावर पाहिले तर हुकण्याचे काही कारण दिसत नाही, आणि म्हणूनच हुकल्यावर जग त्या माणसाला क्षमा करीत नाही.

याचा पहिला अनुभव मला चौदाव्या वर्षी आला. 1994 सालच्या विश्वचषकाचा अंतिम सामना अमेरिकेत होता. तिथली दुपार म्हणजे आपली मध्यरात्र. आमच्या गल्लीतले एक काका रेल्वेच्या कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झाले होते. पुलांचे लोखंडी गर्डर तयार होतात तो आमच्या गावचा कारखाना. त्यांच्या घरी टीव्हीपुढे गल्ली जमली होती. ब्राझील आणि इटली, दोघांचाही गोल नाही. शेवटी निकाल लावण्यासाठी पेनल्ट्या. इटलीची पाचवी पेनल्टी घ्यायला रॉबर्तो बाज्जो आला आणि त्याने चेंडू दांडीवरून मारला. खाली मान घालून तो जागच्या जागी उभा राहिला. ते चित्र ज्यांनी पाहिले ते विसरलेले नाहीत.

आम्ही पोरांनी एकच गिल्ला केला, "बाज्जोनं घालवला!" काकांनी टीव्ही बंद केला आणि म्हणाले, "हिशेब येतो का रे तुम्हांला? त्याच्याआधी इटलीच्या दोघांनी पेनल्ट्या वाया घालवल्या, त्यांची नावं सांगा." आम्हांला सांगता येईनात. बारेसी आणि मास्सारो ही ती नावे. बाज्जोने गोल केला असता तरी बरोबरीच झाली असती, आणि ब्राझीलची एक किक शिल्लक होती. शिवाय नायजेरियाविरुद्ध इटली बाहेर पडण्याच्या बेतात असताना अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला तिला वाचवणारा आणि मग जादा वेळेत जिंकून देणारा हाच बाज्जो. आणि जिंकून देणारा तो गोलही पेनल्टीचाच होता. तीन बाद सामन्यांत त्याने पाच गोल केले, म्हणून तर इटली अंतिम सामन्यापर्यंत आली. काका म्हणाले, "जो पुढे जातो त्याचंच चुकतं. मागे राहिलेल्याचं काय चुकणार?"

मग त्या रात्री त्यांनी आम्हांला 1948 साल सांगितले.

स्वातंत्र्याला अजून वर्षही झाले नव्हते. 31 जुलैला लंडनजवळ इलफर्ड येथे ऑलिंपिकमध्ये भारत फ्रान्सशी खेळला. कर्णधार नागा टेकड्यांतून आलेले डॉक्टर तालिमेरेन आओ. आपले बहुतेक खेळाडू अनवाणी होते! फ्रान्सने तिसाव्या मिनिटाला गोल केला, सत्तराव्या मिनिटाला रामनने बरोबरी केली, आणि एकोणनव्वदाव्या मिनिटाला फ्रान्सने दुसरा गोल करून सामना 2-1 असा जिंकला. पण सामन्याची आठवण राहिली ती या गोलांसाठी नव्हे. त्या सामन्यात भारताला दोन पेनल्ट्या मिळाल्या आणि दोन्ही हुकल्या. एक शैलेन मन्नांची, दुसरी महाबीर प्रसादची.

काका तेव्हा चौदाचेच होते, रेल्वेच्या मैदानावर अनवाणीच खेळत. त्यांच्या सांगण्याप्रमाणे बातमी आल्यावर इथेही दोन तट पडले. एक म्हणे, बूट घातले असते तर दोन्ही गेल्या असत्या, सामना 3-2. दुसरा म्हणे, अनवाणी होतो म्हणून तर फ्रान्सशी शेवटच्या मिनिटापर्यंत झुंजलो. ज्याने जन्मात बूट घातला नाही त्याला तो लंडनात नेऊन घातला असता तर धावताही आले नसते. दुसऱ्या पक्षापाशी पुरावाही होता. 1911 साली कलकत्त्यात मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर पलटणीला हरवून आय. एफ. ए. शील्ड जिंकली, तेव्हा अकरांपैकी दहा जण अनवाणीच होते. पहिल्या पक्षाला त्याचा पुरावा चार वर्षांनी मिळाला: 1952 साली हेलसिंकीच्या थंडीत युगोस्लाव्हियाने आपल्याला 10-1 असे धुतले, आणि त्यानंतर आपल्याकडे बूट सक्तीचे झाले. 1956 साली मेलबर्नला, बूट घालून, आपण चौथे आलो. मूळ गोव्याच्या आणि मुंबईत खेळणाऱ्या नेव्हिल डिसोझाने तिथे ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले. तेव्हा बुटांचा मुद्दा काही खोटा नव्हता. पण काकांना राग होता तो वेगळ्याच गोष्टीचा. "एकोणनव्वदाव्या मिनिटाचं कोणी बोलत नव्हतं," ते म्हणाले. "आणि अनवाणी पोरांना पाठवलं कुणी, हेही कोणी विचारत नव्हतं. सगळे मन्नाच्या पायाकडे बघत होते."

मन्नांचे पुढे काय झाले? तीन वर्षांनी, 1951 साली, दिल्लीच्या पहिल्या आशियाई स्पर्धेत भारताने इराणला हरवून सुवर्णपदक मिळवले, तेव्हा कर्णधार शैलेन मन्नाच होते. मोहन बागानकडून ते जवळपास दोन दशके खेळले. 1971 साली पद्मश्री, आणि 2012 साली ते वारले. पेनल्टी हुकलेल्या माणसाच्या हाती संघ देणारे लोकही त्या काळी होते, याचे मला फार नवल वाटते. आमच्या टपरीने तो खचित दिला नसता.

आता माझ्या गप्प राहण्याकडे येतो. आमचा तो मुलगा एरवी अनवाणी खेळे. छोट्या स्पर्धेत बूट सक्तीचे नव्हते. पण अंतिम सामन्याला पाहुणे येणार, छायाचित्र निघणार, आपली मुले बरी दिसावीत, म्हणून आदल्या संध्याकाळी मी एका माजी विद्यार्थ्याचे बूट मागून आणले. ते एका मापाने मोठे होते. पुढे कापूस भरून मीच ते त्याच्या पायांत घातले. "सर, लागत नाहीत हे," तो म्हणाला होता. मी म्हटले, होईल सवय. टपरीवर आठ दिवस धाव, अंग, डोळे या सगळ्यांची चर्चा झाली. बुटांचे नाव एकदाही निघाले नाही, आणि मीही ते काढले नाही.

नवव्या दिवशी मुलगा वर्गात येऊन शेवटच्या बाकावर बसला. इतिहासाचा तास होता. धडा बाजूला ठेवून मी 1948 सालची हकीकत सांगितली, काकांनी सांगितली होती तशीच. मुले रंगून ऐकत होती. संपल्यावर शेवटच्या बाकावरून हात वर झाला.

"सर, मन्नांना पेनल्टी घ्यायला सांगितलं कुणी?"

क्षणभर मी फळ्याकडे पाहिले. मग म्हणालो, "मन्नांचं राहू दे. तुला मी सांगितलं होतं. तू नको म्हणालास तरी सांगितलं. आणि ते मोठे बूटही मीच घातले होते."

वर्गात चाळीसेक मुले होती. मधल्या सुट्टीपर्यंत बातमी टपरीवर पोचली, आणि संध्याकाळी मी चहाला गेलो तेव्हा वाद पुन्हा नव्याने रंगला होता. या खेपेस तो माझ्यावर होता. मुलगा समोरच्या मैदानात अनवाणी खेळत होता आणि कोणी त्याच्याकडे पाहत नव्हते.