पलटणीचे दार, कारखान्याचे दार

सातारा-सांगली म्हणजे फौजींचा मुलूख, असे अभिमानाने सांगतात. पण त्या फौजेत कोण घ्यायचा, हे कोण ठरवत होते? १८९२ मध्ये इंग्रजांनी महारांची भरती बंद केली. निवृत्त सुभेदार रामजी सकपाळ साताऱ्यात बांधकाम खात्यात स्टोअरकीपर झाले. महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ ला १११ वी महार पलटण उभारली. गरज सरताच १९२१ ला मोडली!

१ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली, त्यामागे बाबासाहेबांचा पाठपुरावा होता. पण ते बंदुकीवर थांबले नाहीत. १९४२ च्या निवेदनात त्यांनी तांत्रिक शिक्षण मागितले; १९४३ मध्ये केंद्रीय नोकऱ्यांत ८.३३ टक्के जागा राखीव झाल्या. दारूगोळ्याच्या सरकारी कारखान्याचे दारही मग आपल्यासाठी उघडले.

नेमक्या १ ऑक्टोबरलाच, २०२१ मध्ये, ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड मोडून ४१ कारखाने ७ कंपन्यांत वाटले. संपबंदीचा कायदा त्याआधीच आणला होता. खडकी, देहूरोड आता म्युनिशन्स इंडियाकडे. सरकारी कंपनीत आरक्षण आहे, मान्य. पण ठेकेदाराच्या कामगाराला आणि खासगी पुरवठादाराला कुठले रोस्टर? कराड-तासगावच्या आयटीआयवाल्या मित्रांनो, जाहिरात आली की कायम पदे किती, कंत्राटी किती, ते आधी मोजा आणि माहिती अधिकारात रोस्टर मागा.