सोलापुरांतून गेलेला एक मिशनरी

‘मिशन’ हा शब्द उच्चारतांच आपल्या डोळ्यांपुढें समुद्र ओलांडून इकडे आलेले फादर उभे राहतात, आणि तें स्वाभाविकच आहे. सोलापूर ज्या पुणें धर्मप्रांतांत मोडतें तो १८८६ सालीं स्थापन झाला. त्याचे पहिले दोन्ही बिशप, बायडरलिंडन व डोरिंग, हे जर्मन जेसुइट होते. १९१४ चें महायुद्ध पेटलें तेव्हां जर्मन फादरांना येथील कार्य सोडावें लागलें, आणि बिशप डोरिंग यांस आपल्या धर्मप्रांतांत पुनः पाऊल टाकावयास १९२७ साल उजाडलें. अशा पुरुषांचें स्मरण ज्युबिलीच्या प्रसंगीं करणें हें आपलें कर्तव्यच होय. परंतु आज आम्ही वाचकांचें लक्ष उलट दिशेनें गेलेल्या एका प्रवाशाकडे वेधूं इच्छितों. तो आपल्याच गांवचा होता. आणि तो ख्रिस्ती नव्हता.

डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजीं सोलापुरांत झाला. मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयांत त्यांचें शिक्षण झालें. जपाननें चीनवर स्वारी केली असतां तिकडील सेनापति चू ते यांनीं पंडित नेहरूंकडे वैद्यकीय साहाय्य मागितलें, व काँग्रेसनें पांच डॉक्टरांचें एक मिशन धाडण्याचें ठरविलें. डॉ. अटल हे त्याचे प्रमुख, नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बसू व डॉ. मुखर्जी, आणि पांचवे कोटणीस. १ सप्टेंबर १९३८ रोजीं ‘राजपुताना’ बोटीनें त्यांनीं मुंबईचा किनारा सोडला. चीनमध्यें पोहोंचून थोडे महिने होतात न होतात तोंच वडिलांच्या निधनाची वार्ता कोटणिसांस कळली. परत जाण्यास याहून सबळ कारण कोणतें? परंतु ते परतले नाहींत.

फेब्रुवारी १९३९ मध्यें मंडळी यानान येथें पोहोंचली. जपानी विमानांच्या बाँबवर्षावानें तें शहर उद्ध्वस्त झालें होतें, म्हणून माणसें पिवळ्या मातीच्या डोंगरांत खोदलेल्या गुहांतून राहत, इस्पितळही गुहांतच. भाकरीच्या ठिकाणीं राळ्यासारख्या बारीक धान्याची पेज, जोडीला कोबी वा बटाटा. हिवाळा असा कीं सोलापूरच्या माणसास त्याची कल्पनाही करवूं नये. औषधें अपुरीं, उपकरणें त्याहून अपुरीं. अशा स्थितींत सकाळीं रोगी तपासणें, मग शस्त्रक्रिया, आणि फावल्या वेळांत चिनी भाषेचा अभ्यास, असा कोटणिसांचा क्रम पडला. तेथें त्यांना ‘के दिहुआ’ असें नवें नांव मिळालें होतें. त्यांतील ‘हुआ’ म्हणजे चीन देश.

सेमिनरींत असतां आठवड्यांतून एक दुपार आम्हांस फिरावयास मोकळी मिळे, आणि त्या दुपारीची वाट आम्ही आठवडाभर पाहत असूं. विश्रांति ही मनुष्यास लागतेच. यानानमध्येंही शनिवारची सायंकाळ अशीच मोकळी असे. नाटकें होत, गाणीं होत, सेनापति व शिपाई एकाच ठिकाणीं नाचत. परक्या देशांत गेलेल्या मनुष्याची खरी परीक्षा कामाच्या दिवशीं होत नसून सुटीच्या दिवशीं होते, असें आमचें मत आहे. काम कोठेंही सारखेंच; परंतु सुटीच्या दिवशीं तो आपल्या कोंडाळ्यांत बसतो कीं यजमानांच्या अंगणांत, यावरून त्याचें अंतःकरण कळतें. चोळकर, मुखर्जी व अटल हे आपापलें काम करून यथावकाश परतले, आणि त्यांत कांहीं कमीपणा नाहीं. कोटणीस मात्र दिवसेंदिवस त्या लोकांतील एक होत गेले.

पुढें ते बसूंसह रणभूमीजवळच्या डोंगराळ मुलखांत गेले. तेथें सुटीचा वार उरला नाहीं. सहल म्हणजे रात्रीच्या अंधारांत डोंगरवाटेनें जखमींकडे जाणें. १९४० च्या मोठ्या लढाईंत तेरा दिवसांत आठशेंहून अधिक जखमी त्यांच्या पथकाकडे आले. कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथून हे शस्त्रक्रिया करतांना बोटास झालेल्या जखमेनें नोव्हेंबर १९३९ मध्यें वारले होते. त्यांच्या नांवें चाललेल्या इस्पितळाचे कोटणीस जानेवारी १९४१ मध्यें प्रमुख झाले. विद्यार्थ्यांस ते चिनी भाषेंतच शिकवीत, आणि त्याच भाषेंत त्यांनीं शस्त्रक्रियेचें पाठ्यपुस्तक लिहावयास घेतलें. तेथेंच परिचारिका क्वो छिंगलान यांच्याशीं त्यांचा विवाह झाला. ऑगस्ट १९४२ मध्यें पुत्र झाला. त्याचें नांव ‘यिनहुआ’, म्हणजे हिंदुस्थान व चीन.

अपस्माराचे झटके त्यांना येऊं लागले होते. विश्रांतीसाठीं दूर जाण्याचा सल्ला त्यांनीं मानला नाहीं. ९ डिसेंबर १९४२ रोजीं, वयाच्या बत्तिसाव्या वर्षीं, उत्तर चीनमधील एका खेड्यांत त्यांचा अंत झाला. मूल तेव्हां साडेतीन महिन्यांचें होतें, आणि हातांतलें पुस्तक अपुरें होतें.

येथें एखादा वाचक विचारील कीं, ज्यांनीं १९४२ सालीं कम्युनिस्ट पक्षाचें सभासदत्व घेतलें त्यांचें गुणगान ज्युबिलीच्या अंकांत कां? प्रश्न रास्त आहे, व तो टाळण्याची आमची इच्छा नाहीं. तें मत आमचें नव्हे, आणि देवास न मानणाऱ्या त्या पक्षानें पुढें चीनमधील आपल्या धर्मबांधवांस काय भोगावयास लावलें हें आम्ही विसरलों नाहीं. तथापि आपल्या प्रभूनें शेजारी कोण हें शिकवितांना दृष्टांत निवडला तो शोमरोनी मनुष्याचा, ज्याचा धर्म ऐकणाऱ्यांस मान्य नव्हता. याजक वाटेनें पुढें निघून गेला, आणि जखमेवर तेल व द्राक्षारस ओतला तो त्या परक्यानें. आम्ही स्वतः याजक असल्यानें हा दृष्टांत वाचतांना दर वेळीं आमची मान खालीं जाते.

आज शिजियाझ्वांग येथील हुतात्म्यांच्या स्मशानभूमींत कोटणिसांची समाधि आहे, आणि आपल्या भैय्या चौकांतील त्यांच्या घराचें स्मारक झालें आहे. ज्युबिलीचा उत्सव आटोपल्यावर पुढील रविवारीं, मिस्सा झाल्यानंतर, आपल्या मुलांस घेऊन तेथपर्यंत अवश्य जावें. फादर इकडे कां आले हें ज्यास समजावून घ्यावयाचें आहे, त्यानें येथून एक तरुण तिकडे कां गेला व कां राहिला हें त्या घरीं उभें राहून क्षणभर मनाशीं विचारावें.