पडद्यावरचा रंग कुणाच्या हातचा?



साडी निवडताना आपण काठ बघतो, पदर बघतो. हिरव्यावर लाल काठ उठून दिसेल की पिवळा, याचा विचार करतो. सिनेमातही हेच चालतं. कुठल्या प्रसंगात कुठले रंग दिसावेत आणि कुठले मुळीच दिसू नयेत, हे आधी ठरवलं जातं. त्याला रंगसंगती म्हणतात. आज आपण या रंगसंगतीचा इतिहास बघू. आणि त्यात बायका कुठे कुठे होत्या, तेही शोधू.

सुरुवातीचा सिनेमा काळा-पांढरा होता, असं आपण ऐकतो. पण तेव्हाही काही सिनेमे रंगीत दिसायचे, कारण ते हाताने रंगवलेले असायचे. पॅरिसमध्ये एलिझाबेथ त्यूइलिए नावाच्या बाईंचा कारखाना होता. मेलिएस या प्रसिद्ध फ्रेंच दिग्दर्शकाच्या सिनेमांना तिथे रंग दिला जाई. त्यांनी पुढे एका मुलाखतीत सांगितलं, की त्यांच्याकडे २२० कामगार होत्या. त्या स्वतः रात्री जागून रंग निवडायच्या आणि दिवसा बायका ते रंग भरायच्या. एका बाईकडे एकच रंग. असे वीसाहून अधिक रंग एका सिनेमात लागायचे.

हे काम किती बारीक होतं बघा. फिल्मवरची एकेक चौकट जेमतेम एक इंच रुंद. बारीक कुंचल्याने तेवढ्याशा जागेत टोपीचा रंग वेगळा, झग्याचा वेगळा. मेलिएस यांचा चंद्रावरच्या सफरीचा सिनेमा १९०२ सालचा. तो चालतो पाव तासाच्या आत, पण त्यात तेरा हजारांहून जास्त चौकटी आहेत. त्याची हाताने रंगवलेली एक प्रत १९९३ मध्ये स्पेनमध्ये सापडली आणि दुरुस्त करून २०११ साली पुन्हा दाखवली गेली. मेलिएसचं नाव जगाला ठाऊक आहे. रंग भरणाऱ्या बायकांची नावं मात्र कुठे नोंदलेली नाहीत.

पुढे फ्रान्सच्या पाथे कंपनीने छाप्याची युक्ती काढली. आपण रांगोळीचा छापा वापरतो ना, तसंच. जिथे रंग लागायचा तेवढा भाग फिल्मच्या दुसऱ्या पट्टीतून कापून काढायचा आणि त्या भोकांतून रंग भरायचा. हे कापायचं कामही बहुतेक बायकाच करायच्या. याशिवाय स्वस्तातली एक रीत होती. अख्खी पट्टीच रंगात बुडवायची. रात्र असेल तर निळा, आग असेल तर लाल, दिव्याचा उजेड असेल तर पिवळसर. प्रेक्षकांना या खुणा लवकर कळू लागल्या. निळं दिसलं की रात्र झाली, हे कुणी सांगावं लागत नसे.

मग कॅमेराच रंग टिपू लागला. अमेरिकेतल्या टेक्निकलर कंपनीने ही कला पुढे नेली. तिचा कॅमेरा भाड्याने घ्यायचा, तर सोबत कंपनीचा रंग-सल्लागारही घ्यावा लागे. या विभागाच्या प्रमुख होत्या नॅटली कॅल्मस. प्रत्येक प्रसंगासाठी त्या रंगांचा तक्ता करायच्या: भिंत कुठली, पडदा कुठला, नायिकेचा पोशाख कुठला. त्यांचं म्हणणं असं, की सगळेच रंग भडक असले तर डोळा थकतो आणि मुख्य माणूस गर्दीत हरवतो. १९३५ साली त्यांनी यावर एक लेखही लिहिला. अनेक निर्माते आणि कॅमेरामन त्यांच्यावर चिडायचे, पण शेकडो सिनेमांवर त्यांचं नाव आहे.

१९३९ सालच्या 'विझार्ड ऑफ ऑझ'चं उदाहरण घ्या. त्यातल्या मुलीच्या घरचं सगळं मातकट तपकिरी दिसतं. ती जादूच्या देशात पोचते तेव्हा एकदम रंग उमलतात. मूळ पुस्तकात तिचे बूट चांदीचे आहेत. सिनेमात ते माणकासारखे लाल केले, कारण रंगीत फिल्मवर लाल जास्त खुलतो.

आपल्याकडे 'प्रभात' कंपनीने १९३३ मध्ये 'सैरंध्री' रंगीत करून बघितला. त्याच्या प्रती जर्मनीत तयार करवून घेतल्या, पण रंग मनासारखे उतरले नाहीत. १९३७ मध्ये मुंबईत अर्देशिर इराणी यांनी 'किसान कन्या' काढला. रंगाचं काम भारतातच केलेला तो पहिला सिनेमा. पुढे १९५७ मध्ये 'मदर इंडिया' आला. छायालेखक होते फरेदून इराणी. त्यात माती, चिखल, पीक हेच मुख्य रंग आहेत. शेवटी कालव्याचं दार उघडतं आणि पाणी लाल दिसतं. आईने स्वतःच्या मुलाला गोळी घातली आहे. तिच्या मनात काय चाललंय ते सांगायला तिथे संवाद लागत नाही.

आता जरा वेगळी गोष्ट. रंग बरोबर उतरला की नाही, हे तपासायला मोजमाप लागतं. सिनेमाच्या रिळाच्या सुरुवातीला एका बाईचा चेहरा असायचा, शेजारी रंगांच्या पट्ट्या. त्यावरून प्रयोगशाळेत रंग जुळवायचे. प्रेक्षकांना ती बाई कधी दिसत नसे. फोटोंसाठीही कोडॅक कंपनीची अशीच कार्डं होती. त्यांवर बहुतेक वेळा गोऱ्या बाईचाच चेहरा असे. तिची कातडी बरोबर दिसली, की रंग बरोबर! मग सावळ्या, काळ्या माणसांचं काय? त्यांचे चेहरे फोटोत काळेठिक्कर यायचे, नाक-डोळेही नीट दिसायचे नाहीत. कंपनीच्या जुन्या माणसांनी नंतर सांगितलं, की तपकिरी रंग सुधारायला जोर लावला तो चॉकलेटवाल्यांनी आणि लाकडी सामान विकणाऱ्यांनी. त्यांचा माल फोटोत नीट दिसत नव्हता म्हणून! माणसांचे चेहरे नीट दिसत नव्हते, त्याची घाई कुणाला नव्हती.

म्हणून केतन मेहता यांचा 'मिर्च मसाला' आम्हाला महत्त्वाचा वाटतो. तो १९८७ साली आला, आपल्या स्मिता पाटील गेल्यानंतर. इंग्रजी अमलातल्या गुजरातची गोष्ट. सुभेदाराच्या तावडीतून सुटण्यासाठी सोनबाई मिरची कुटण्याच्या कारखान्यात शिरते. बाहेर सगळा मुलूख रुक्ष, पिवळट, धुळीचा आणि आत लाल मिरच्यांचे ढीग. हा लाल रंग सिनेमाभर आपल्या डोळ्यांसमोर राहतो. नटवलेल्या साड्यांचा तो लाल नव्हे, तर रोजच्या कामाचा, हाताची आग करणारा. शेवटी त्याच बायका कुटलेलं तिखट सुभेदारावर उधळतात. तेव्हा कळतं, की दिग्दर्शकाने तो रंग इतका वेळ का राखून ठेवला होता. आणि या सगळ्यात मध्यभागी आहे स्मिताचा सावळा चेहरा. त्याला उजळ केलेलं नाही, आणि त्यावरची एकही रेघ हरवलेली नाही.

मैत्रिणींनो, गटाच्या पुढच्या बैठकीत जमलं तर हा सिनेमा मिळून बघा. लाल रंग पहिल्यांदा कुठे दिसतो आणि कुठे वाढत जातो, हे एकमेकींना सांगा. मिरची-मसाल्याचं काम करणाऱ्या बायांना तर पुष्कळ बोलता येईल. आणखी एक करा. घरातला लग्नाचा अल्बम काढा. नवरीचा चेहरा तिच्या खऱ्या रंगाचा आहे, की स्टुडिओवाल्याने उजळ करून दिलाय? पुढच्या लग्नात फोटोवाल्याला आधीच सांगून ठेवता येईल, 'पोरीचा रंग आहे तसाच राहू दे.'

पुन्हा भेटू. नमस्कार.