पणजोबांची सुरी, पणजोबांची कुऱ्हाड आणि 'किती येतील?'

मामांचा फोन आला तो थेट प्रश्न घेऊन. "तू जुन्या गोष्टींचा अभ्यास करतेस ना, मग सांग, किती येतील?" चिखल्याच्या घराची वाटणी चालली होती. एका चामडी पट्ट्यात अडकवलेली सुरी आणि हातकुऱ्हाड निघाली होती. खाणीतल्या गोऱ्या साहेबानं पणजोबांना जोडी म्हणून बक्षीस दिली, अशी घरातली गोष्ट. दोन्ही विलायती. मोबाईलवर कुणीतरी त्यांना लाखाचा आकडा सांगून ठेवला होता.

माझा विषय तुम्हाला माहीत आहे: मध्य प्रांतातल्या मँगनीज खाणी. त्यामुळे ही गोष्ट खरी निघाली असती तर मला आनंदच झाला असता. चिखला, डोंगरी बुजुर्ग, सीतासावंगी या तुमसर तालुक्यातल्या खाणी. इथला दगड रेल्वेनं बंदरावर आणि तिथून ब्रिटन, युरोप, अमेरिकेत जायचा. आमच्या गावचा दगड शेफिल्डला गेला आणि सुरी होऊन परत आला, असं लिहायचा मोह मला झाला होता, खोटं कशाला बोलू.

आधी सुरी. पात्याच्या मुठीकडच्या भागावर भिंगातून बघा. तारा आणि शेजारी क्रूस दिसला, तर ती शेफिल्डच्या जोसेफ रॉजर्सची खूण. आपल्याकडे हे नाव इतकं चाललं की त्याच्या नकलाही भरपूर निघाल्या, म्हणून नावाचं स्पेलिंग अक्षर-अक्षर तपासायचं. आमच्या सुरीवर मुकुटाच्या दोन बाजूंना 'जी' आणि 'आर' आहे, म्हणजे राजा जॉर्ज. पण कुठला? पाचवा 1910 ते 1936, सहावा 1936 ते 1952. पात्यावर 'स्टेनलेस' असं काही नाही. असतं तर ती नक्की 1913 नंतरची म्हणता आली असती, कारण हॅरी ब्रिअर्लीनं ते पोलाद त्या वर्षी केलं. नसलं म्हणून ती आधीची ठरत नाही, कारण साधं कार्बन पोलाद पुढेही चालूच राहिलं. थोडक्यात, सुरी विलायती खरी, पण शंभर वर्षांची आहे की नाही ते सांगता येत नाही. आणि तो प्रश्न महत्त्वाचा आहे. 1972 च्या पुरावशेष कायद्यात शंभर वर्षांची मर्यादा आहे, त्यापलीकडची वस्तू देशाबाहेर पाठवता येत नाही.

मूठ सांबरशिंगाची. शेफिल्डच्या कारागिरांना हे शिंग फार आवडायचं आणि ते जायचं हिंदुस्थानातूनच. म्हणजे दगडाचं माहीत नाही, पण शिंग मात्र जाऊन परत आलं असण्याची शक्यता बरीच आहे! विकायच्या दृष्टीनं मात्र हीच अडचण. वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे अशा मुठीची खरेदी-विक्री अंगाशी येऊ शकते. मामांचा लाख इथेच अर्धा झाला.

आता कुऱ्हाड, आणि खरं सांगायचं तर माझा जीव हिच्यात अडकलाय. विलायती कुऱ्हाडीचा माथा साधारण जाड, चपटा असतो, हातोड्यासारखा ठोकता येईल असा. आणि बनवणाऱ्याचा छाप असतो. आमच्या कुऱ्हाडीला दोन्ही नाही. पट्टी तापवून दुमडली, दांड्यासाठी भोक सोडलं आणि पुढची दोन टोकं ऐरणीवर ठोकून एक केली. तो सांधा अजून दिसतो. धारेजवळ एका ओळखीच्या प्रयोगशाळेत थोडासा भाग घासून त्यावर सौम्य आम्ल लावलं, तर मऊ लोखंडाच्या दोन थरांमध्ये गडद पोलादाची पट्टी उठून आली. ही गावच्या लोहाराची पद्धत: अंग मऊ, धार कडक.

(इथे एक पदरचं. विदर्भातल्या महापाषाणकालीन कुऱ्हाडींना असं भोक नसायचं. लोखंडी पट्ट्या आडव्या आवळून त्या दांड्याला बसवायचे. नागपूर जिल्ह्यात नायकुंडला इ.स.पू. सातव्या शतकाच्या आसपासची लोखंड गाळायची भट्टीही सापडलीय.)

मग क्ष-किरणांच्या यंत्रानं धातू तपासला. अंगात मँगनीज जवळजवळ नाही, मळीच्या रेघा मात्र आहेत. म्हणजे कोळशाच्या भट्टीतलं लोखंड किंवा जुनं विलायती घडीव लोखंड. आणि धारेत? मँगनीज एक टक्क्याच्या आसपास. हे कारखान्यातलं पोलाद आहे, गाडीच्या कमानीचा पाटा नाहीतर रुळाचा तुकडा. मँगनीज पोलादातल्या गंधकाला आणि ऑक्सिजनला आवरतं, नाहीतर तापवून ठोकताना ते तडकतं. शेफिल्डला हे पेटंट घेऊन शिकवणारा जोशाया हीथ आधी मद्रास इलाख्यात पोर्टो नोव्होला लोखंडाचा कारखाना काढून बसला होता. पेटंट 1839 चं. फायदा दुसऱ्यांनीच उचलला, तो कोर्टकचेऱ्यांत झिजला.

तर मँगनीजची गोष्ट साहेबाच्या सुरीत शोधत होते, ती सापडली लोहाराच्या कुऱ्हाडीत. जोडी साहेबानं दिली नव्हती. ती पणजोबांनी लावली होती, त्या पट्ट्यात.

मामांना हे सगळं सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे साहेबानं काही दिलंच नाही?" सुरी दिली असेल, मी म्हटलं, ते लोखंड बघून कळत नाही. किमतीचं विचाराल तर सुरीला हौशी माणूस थोडेफार देईल, मूठ आड आली नाही तर. कुऱ्हाडीला भंगारवाला किलोचा भाव देईल. माझ्या मते दोन्ही एकत्र, पट्ट्यासकट, एकाच घरात राहावीत. आणि तुमच्याकडे असं काही असेल तर कृपा करून ग्राइंडर लावू नका. खुणा आणि थर त्यातच जातात. कोरड्या फडक्यानं पुसा, तेलाचा हात फिरवा, बस.

शेवटी सुरी धाकट्या मामांकडे गेली. कुऱ्हाड थोरल्यांकडे राहिली आणि परवा त्यांनी तिला धावड्याचा नवा दांडा घातला, सरपण फोडायचं होतं म्हणून. जुना दांडा चुलीत जाणार होता, तो मी मागून आणला. मुठीच्या जागी तो डाव्या बाजूनं जास्त झिजलाय. पणजोबा डावखुरे होते का, हे आता आजीला विचारायचं आहे.