एरंडेल, पाणी आणि दांडी

मोटारीचा इतिहास लिहिणारे लोक इंजिनाच्या ताकदीवर आणि वेगावर पानंच्या पानं खर्ची घालतात. तिच्या पोटातल्या तेलापाण्याची विचारपूस मात्र कुणी करत नाही. मला विचाराल तर मोटारीचा पहिला लांबचा प्रवास ही मुळात पाणी शोधण्याचीच गोष्ट आहे.

१८८८ च्या ऑगस्टमध्ये बर्था बेंझ या बाईंनी नवऱ्याला न सांगता त्याने बनवलेली तीनचाकी गाडी बाहेर काढली आणि दोन मुलांना घेऊन मानहाइमहून माहेरी, फोर्ट्सहाइमला निघाल्या. अंतर सुमारे शंभर किलोमीटर. त्या गाडीला रेडिएटर नव्हता. इंजिनाभोवतीचं पाणी तापायचं आणि वाफ होऊन उडून जायचं. मग काय, विहीर दिसो, ओढा दिसो की खाणावळ, थांबायचं आणि पाणी भरायचं! इंधन विस्लोख गावच्या औषधाच्या दुकानातून घेतलं. नळी तुंबली ती टोपीच्या पिनेने मोकळी केली. ब्रेकचा ठोकळा झिजला तेव्हा मोच्याकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं. गाडीची देखभाल हे पुरुषांचं काम असं मानणाऱ्यांनी हा प्रवास जरूर आठवावा.

पुढे १९०० च्या सुमारास विल्हेल्म मायबाख यांनी मधमाश्यांच्या पोळ्यासारखा रेडिएटर केला. त्यात आठ हजारांहून जास्त बारीक नळ्या होत्या. तेच पाणी फिरून फिरून गार व्हायला लागलं, आणि दर गावी विहीर शोधणं संपलं.

तेलाची कथा आपल्याला जास्त जवळची आहे. बैलगाडीच्या आसाला वंगण घालणं आपल्याकडे पोरासोरांनाही ठाऊक होतं. लंडनच्या वेकफील्ड कंपनीने मोटारीच्या तेलात एरंडेल मिसळलं आणि १९०९ मध्ये त्याला नाव दिलं कॅस्ट्रॉल. इंग्रजीतलं 'कॅस्टर' म्हणजे आपला एरंडच की! पहिल्या महायुद्धातल्या विमानांच्या इंजिनांतही एरंडेल असे. ते उडून वैमानिकाच्या नाकातोंडात जाई, आणि पोटावर त्याचा व्हायचा तोच परिणाम होई असं सांगतात. असो.

तेल किती उरलंय हे बघायला फोर्डच्या मॉडेल टी गाडीत (१९०८ ते १९२७) दांडीसुद्धा नव्हती. गाडीखाली सरपटत जायचं. तिथे खालीवर दोन छोट्या तोट्या असत. वरची उघडल्यावर तेल आलं तर भरपूर आहे, खालचीतूनही आलं नाही तर गाडी हलवायची नाही. त्या मानाने आपली दांडी म्हणजे चैनच! गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून थोडा वेळ गेलेला. दांडी काढा, फडक्याने पुसा, पूर्ण आत घाला, पुन्हा काढा. दोन खुणांच्या मध्ये तेल असलं की झालं. काळं दिसलं म्हणून घाबरू नका, तेल काळं पडतंच. पण दुधाच्या कॉफीसारखं दिसलं तर तेलात पाणी शिरलंय. तशी गाडी सुरूच करू नये.

मागच्या उन्हाळ्यात धाकट्या भाच्याचा घाटातून फोन आला. गाडीत बायको, दोन लहान मुलं. "मामा, गाडी तापलीय, समोरून वाफ येतेय. झाकण उघडून पाणी ओतू का?" माझ्या अंगावर काटाच आला. त्याला म्हटलं, इंजिन बंद कर, मुलांना घेऊन लांब उभा राहा आणि झाकणाला हात लावू नकोस. तासाभराने सगळं थंड झाल्यावर पुढचं बघितलं.

आमच्या पिढीला हे निराळं शिकवावं लागलं नाही. द्रुतगती मार्ग होण्यापूर्वी बोरघाटात बॉनेट उघडून उभ्या असलेल्या फियाट आणि ॲम्बेसेडर हे नेहमीचंच दृश्य होतं. पाण्याचा डबा डिकीत असायचाच आणि ड्रायव्हर ओल्या फडक्याने, तोंड बाजूला करून, हळूहळू झाकण सैल करायचा. तेही धोक्याचंच, तुम्ही करू नका. हे झाकण म्हणजे प्रेशर कुकरचं झाकण आहे. दाबाखाली पाणी शंभर अंशांच्या पुढेही उकळत नाही. झाकण उघडलं, दाब गेला, की सगळं एकदम वाफ होऊन अंगावर येतं. हल्ली बाजूला पारदर्शक टाकी असते. गाडी थंड असताना तिच्यावरच्या दोन रेघा बघितल्या की पुरे.

ब्रेक ऑइलचं तसं नाही. १९२१ मध्ये ड्यूझेनबर्ग गाडीला द्रवाच्या दाबावर चालणारे ब्रेक आले, आणि सुरुवातीच्या त्या द्रवांतही पुन्हा आपलं एरंडेल होतं, अल्कोहोलमध्ये मिसळलेलं! आजचं ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ३ प्रतीचं नवं तेल निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी शोषलं की ही मर्यादा १४० वर येऊ शकते. लांबच्या उतारावर ब्रेक तापून ते उकळलं तर पाय थेट तळाला जातो. म्हणून साधारण दोन वर्षांनी ते बदलून घ्यावं. पातळी उतरली तर नुसतं वरून ओतू नये. पॅड झिजले असतील किंवा कुठे गळत असेल, मेकॅनिकला दाखवावं.

भाचा आता विजेची गाडी घ्यायची म्हणतोय. "मामा, तिला तेलपाणी काही नाही!" म्हणाला. इंजिनाचं तेल नाही हे खरं. पण बऱ्याच विजेच्या गाड्यांची बॅटरी कूलंटनेच गार ठेवतात, आणि ब्रेक ऑइल तर त्यांनाही लागतं. त्याला सांगितलंय, येत्या रविवारी गाडी बघायला जाशील तेव्हा मलाही ने, बॉनेट मी उघडून बघणार आहे.